गल्लीचा रस्ता : आधी हक्क, मग वर्गणी

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वस्त्यांमध्ये एक विषय हमखास निघतो. गल्लीत चिखल, गटार तुंबलेले, शाळेची पोरे घसरून पडतात. पालिकेत खेटे घालून कंटाळलेला कुणीतरी म्हणतो, "घरटी पाच-पाच हजार काढू आणि आपणच रस्ता करून घेऊ." लगेच दोन तट पडतात. आम्ही घरपट्टी भरतो, मग पुन्हा वर्गणी कशाला, असे एक तट म्हणतो. वाट पाहत किती पावसाळे काढायचे, असे दुसरे विचारते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून हा प्रश्न भांडून नव्हे, हिशोब मांडून सोडवला पाहिजे.

हक्काचा पैसा कुठे आहे?

रस्ते आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे दिलेले आहेत. आपण ज्याला दलित वस्ती सुधार निधी म्हणून ओळखतो, तो पैसा रस्ते, गटारे, पाणी, दिवाबत्ती यांसाठीच असतो. गुंठेवारीतले प्लॉट २००१ च्या कायद्याखाली नियमित करून घेतले असतील, तर विकास शुल्कही भरलेले आहे. तो पैसा आपल्या वस्तीत कुठे खर्च झाला, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. हा अर्ज केल्याशिवाय वर्गणीची पावती फाडू नये. नाहीतर एकाच रस्त्याचे पैसे गरीब माणूस दोनदा भरतो.

अहमदाबादचा धडा

सगळेच फुकट मिळेपर्यंत थांबावे, असेही नाही. अहमदाबाद महापालिकेने १९९५ मध्ये झोपडपट्ट्यांसाठी 'परिवर्तन' योजना सुरू केली. फरसबंद गल्ल्या, पाणी, गटार, घरोघरी संडास, दिवे अशी एकत्र कामे तीत होती. मूळ आखणीत घरामागे दोन हजार रुपये कुटुंबाचे, दोन हजार पालिकेचे आणि दोन हजार उद्योगांचे होते. देखभालीसाठी कुटुंबाने आणखी शंभर रुपये द्यायचे होते. कष्टकरी बायकांनी सेवा बँकेत थोडे थोडे साठवून आपला वाटा उभा केला. बदल्यात दहा वर्षे वस्ती हलवणार नाही, अशी हमी पालिकेने दिली. पैसा दिला तर काहीतरी पक्के पदरात पडले पाहिजे, हा यातला धडा आहे. आपणही वाटा देण्याआधी पालिका काय करणार आणि कधी करणार, हे लेखी घ्यावे. रस्ता पालिकेचा असल्याने तिची लेखी परवानगीही लागतेच.

वाटा कसा पाडावा?

उदाहरण धरू. गल्लीत २४ घरे आहेत, रहिवाशांचा वाटा १,२०,००० रुपये आहे आणि सगळ्या घरांची रस्त्याकडची रुंदी मिळून ४०० फूट भरते. घरटी सारखे वाटले तर प्रत्येकी ५,००० रुपये येतात. मग बारा फुटांची खोली आणि तीस फुटांचे दुमजली घर सारखेच भरते, हा न्याय नव्हे. फुटावर वाटले तर फुटाला ३०० रुपये पडतात, म्हणजे खोलीला ३,६०० आणि मोठ्या घराला ९,०००. मोठ्या घरवाला म्हणेल, रस्त्यावरून चालणार तर सगळेच.

मधला मार्ग असा : अर्धी रक्कम घरटी, अर्धी फुटावर. घरटी २,५०० आणि फुटाला १५० रुपये. मग खोलीला ४,३०० आणि मोठ्या घराला ७,००० येतात. हे दोघांनाही पटण्यासारखे आहे. कोपऱ्यावरच्या घराची एकच बाजू धरायची की दोन्ही, हे मोजणीआधी ठरवावे. भाडेकरू असेल तिथे वाटा घरमालकाचा, कारण रस्ता झाल्यावर किंमत त्याच्या घराची वाढते. विधवा बहिणीचे घर किंवा काम सुटलेल्याचे घर असेल, तर हप्ते द्यावेत. थकबाकीची नावे मात्र फळ्यावर लावू नयेत.

एक गोष्ट कधीही विसरू नये. ज्याने पैसे दिले नाहीत त्याचा रस्ता अडवता येत नाही. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या बरोबरीने रस्त्यांचाही उल्लेख आहे. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली ज्या समाजाने लाठ्या खाल्ल्या, त्याच समाजाच्या गल्लीत कुणाची वाट अडावी, हे शोभणार नाही.

काम आणि हिशोब

आधी पाइप आणि गटार, मग रस्ता. जुना थर न उकरता त्यावर नवे काँक्रीट ओतले की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पाणी घरात शिरते. ठेकेदाराला उंबऱ्याखालची पातळी आणि गटाराकडचा उतार लिहून द्यावा. बिलाचा दहावा भाग पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचा, हे काम देतानाच ठरवावे.

बँकेत संयुक्त खाते उघडावे आणि सहीला एक महिला असावी. मोबाईलवरून येणारे पैसेही त्याच खात्यात यावेत, कुणाच्या खाजगी नंबरवर नव्हे. चौदा एप्रिलच्या जयंतीचा जमाखर्च आपण विहारात वाचून दाखवतो. गल्लीचा जमाखर्चही तसाच दर महिन्याला वाचावा.

वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात, एकमताने बसतात आणि एकमताने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितले होते. तेव्हा येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बसा. माहिती अधिकाराचा अर्ज कोण लिहिणार, गल्ली कोण मोजणार आणि खाते कुणाच्या सहीने उघडायचे, एवढे तीनच विषय घ्या. वर्गणीचा विषय अर्जाचे उत्तर आल्यावर घ्या.