९० किलोमीटरवरचा वारा

२०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी अकोला-बुलढाण्यापासून चंद्रपूरपर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. चिनी रॉकेटचे ते अवशेष; सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत त्यांतलं धातूचं मोठं कडं पडलं. असे तुकडे जिथे पेटतात, त्या ८०-१०० किलोमीटरच्या थरातला वारा मोजणं फार अवघड. फुगा सहसा त्याच्या निम्म्या उंचीवरही पोचत नाही, उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. म्हणून रडार.

भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात असं रडार उभारलं. त्याची वारंवारता १.९८ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १५० मीटर. वर पाठवलेल्या लहरी त्या थरातून परततात आणि जमिनीवर त्यांची तीव्र-मंद नक्षी उमटते. वाऱ्याबरोबर ती तीन अँटेनांवरून सरकते. श्रावणात कपाशीच्या वावरावरून ढगाची सावली जाते, तेव्हा तीन धुऱ्यांवरच्या तिघांनी वेळ टिपली तर ढगाचा वेग निघतो, तसंच हे. फरक मोठा गमतीचा आहे: सूर्य दूर, म्हणून सावली ढगाच्याच वेगाने जाते, रडारचा स्रोत जमिनीवर, म्हणून नक्षी वाऱ्याच्या दुप्पट वेगाने पळते. उत्तर निम्मं करावं लागतं.

ही युक्ती वाऱ्यासाठी प्रथम वापरणाऱ्यांत एस. एन. मित्रा होते. केंब्रिजमधल्या कामावरचा त्यांचा निबंध १९४९ चा. पुढच्याच वर्षी ब्रिग्ज, फिलिप्स आणि शिन यांनी सरकता सरकता आकार बदलणाऱ्या नक्षीचं गणित मांडलं. ब्रिग्ज यांचं नाव सगळे घेतात. मित्रा यांचं नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावरही पडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खरा पेच. तीन अँटेना किती अंतरावर ठेवायच्या? फार दूर ठेवल्या, तर एकीवरून दुसरीवर पोचेपर्यंत नक्षी बदलते आणि ओळखच पटत नाही. फार जवळ ठेवल्या, तर गोंगाटामुळे संकेतांची जुळणी कमी भरते आणि वारा आहे त्यापेक्षा मंद दिसतो. पण मंद हे ठरवणार कशावरून? खरा आकडा कुणाकडेच नाही.

१९९५ मध्ये ॲडलेडच्या होल्ड्सवर्थ आणि रीड यांनी संगणकातच आकाश रचलं. त्यात लहरी परतवणारे असंख्य बिंदू सोडले, वारा स्वतः ठरवून दिला, आणि रडार किती सांगतं ते पाहिलं. अंतर बदला, गोंगाट वाढवा, चूक लगेच मोजता येते.

प्रत्यक्षातही ९० किलोमीटरच्या वर अशी रडारं उल्कांच्या मागावरून वारा मोजणाऱ्या उल्का-रडारांपेक्षा कमी वारा दाखवतात. त्यामुळे अशा नव्या रडारच्या बातमीत किती किलोवॅट यापेक्षा अँटेना कुठे आणि किती अंतरावर, हे छापायला हवं.