परड्यात टँक बांधावा का?

हुपरीत चांदीच्या पैंजणाच्या धंद्यातून चार पैसे गाठीला लागले, गावाबाहेर प्लॉट झाला, बंगल्याचा नकाशा टेबलावर आला, की एक प्रश्न हमखास निघतो : मागच्या परड्यात पोहण्याचा टँक काढायचा का? मुलं हट्ट धरतात, पाहुण्यांच्या फार्महाऊसवर पाहिलेला निळा टँक डोळ्यांसमोर असतो, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "खुदाई चाललीच आहे, त्यातच करून टाकू." मग घरात जी चर्चा होते ती बहुतेक ऐकीव गोष्टींवर चालते. काही जण उगाच घाबरवतात, काही जण उगाच भरीला घालतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा निर्णय खड्ड्याचा किंवा टाइल्सचा नाही. पाणी कुठून येणार, वापरलेलं पाणी कुठे जाणार आणि त्याच्यावर रोज नजर कोण ठेवणार, या तीन प्रश्नांची उत्तरं घरात असतील तर टँक जरूर बांधावा. एकाचंही उत्तर नसेल तर पैसे असले तरी बांधू नये.

"एवढं पाणी म्हणजे गावाच्या तोंडचं काढून घेणं"

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून हिशेब नीट करू. 25 फूट लांब, 12 फूट रुंद आणि सरासरी 4 फूट खोल टँकात 1,200 घनफूट, म्हणजे साधारण 34 हजार लीटर पाणी बसतं. दहा हजार लीटरचे साडेतीन टँकर. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्यातून रोज सहा मिलिमीटर वाफ होऊन गेली असं धरलं, तर या टँकातून दिवसाला 165 ते 170 लीटर कमी होतील. तीन महिन्यांत पंधरा हजार लीटर.

आता शेजारचा ऊस पाहा. एका एकराला पाट पाण्याची एक पाळी दिली आणि रानात तीन इंच पाणी उभं राहिलं, तर ते तीन लाख लीटर होतं. म्हणजे टँक भरायला लागणारं पाणी एका एकराच्या एका पाळीच्या नवव्या हिश्शाइतकं आहे. टँकामुळे गाव कोरडं पडतं, हे खरं नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ग्रामीण नळ योजनांमध्ये माणशी रोज 55 लीटरचं माप धरतात. उन्हाळ्यात टँकातून नुसतं उडून जाणारं पाणी तीन माणसांच्या रोजच्या वाट्याएवढं भरतं. विहिरीचं पाणी असेल तर एक गोष्ट, पण शुद्ध करून नळाला सोडलेलं पाणी टँकात ओतणं वेगळी गोष्ट. कोल्हापूर जिल्हा पाण्याचा म्हणून ओळखला जातो, पण गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळकडे पाचशेच्या आसपास. हुपरी या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या अंगाला आहे. पंचगंगेला पाणी असलं तरी ते कसलं असतं, हे उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे पाहिलेल्यांना सांगायला नको. टँक भरायचा तर स्वतःची विहीर किंवा बोअर हवी, आणि त्या पाण्याची तपासणी आधी हवी. बोअरचं पाणी जड असलं की टाइल्सवर आणि पाइपांत पांढरे थर बसतात, आणि ते खरवडण्यात हौस विरून जाते.

"उन्हाळ्यापुरताच तर खर्च"

पोहणं उन्हाळ्यापुरतं, खर्च बारमाही. आपल्याकडे टँक खऱ्या अर्थाने वापरला जातो तो मार्च ते मेअखेर. जूनपासून पाऊस, मग गढूळपणा आणि पालापाचोळा, आणि थंडीत त्या पाण्यात पाय घालवत नाही. तरी फिल्टरचा पंप चालवावाच लागतो. एक हॉर्सपॉवरचा पंप आठ तास चालला की सात-आठ युनिट जातात, म्हणजे महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास. घरगुती मीटरवर हे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जाऊन पडतात, हे लक्षात ठेवावं. पंप बंद ठेवून पैसे वाचवले तर चार-सहा दिवसांत पाणी हिरवं होतं, आणि औषध न पडलेल्या साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची पिढी तयार होते. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

"वास येतोय म्हणजे औषध बरोबर पडलंय"

नेमकं उलटं. टँकवर नाकाला झोंबतो तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. डोळे लाल होतात तेही त्यांच्यामुळेच. नीट राखलेल्या टँकाला वास जवळजवळ येत नाही. पाण्यात मोकळा क्लोरीन लीटरला 1 ते 3 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8, हे माप पाळावं लागतं, आणि ते साध्या चाचणी किटवर दोन मिनिटांत कळतं. पीएच वर गेला की क्लोरीन कितीही ओतला तरी त्याचा जोर राहत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करणं हा शिष्टाचार नाही, तो औषधाचाच भाग आहे.

क्लोरीन पडला की पाणी लगेच निर्जंतुक होतं, असंही नाही. बहुतेक जिवाणू मिनिटभरात मरतात, काविळीच्या 'अ' विषाणूला पाव तासाच्या आतबाहेर धरून चालावं, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी नेहमीच्या मात्रेतही अनेक दिवस तग धरतो. जुलाब लागलेलं मूल टँकात उतरवायचं नाही, ते यासाठी.

"आपल्या घरात चांदी आहे, औषध कशाला?"

हा गैरसमज हुपरीत सहज पटणारा आहे. चांदीच्या तांब्यात ठेवलेलं पाणी चांगलं राहतं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि त्यात तथ्यही आहे. चांदीचे आयन जिवाणूंना मारतात. पण तांब्यात लीटरभर पाणी रात्रभर चारी बाजूंनी चांदीला लागून असतं. 34 हजार लीटरच्या टँकात चांदीची लगड सोडली, तर तिच्यातून सुटणारे आयन मोजायलाही मिळणार नाहीत.

बाजारात तांबं आणि चांदीच्या कांड्यांतून विजेचा बारीक प्रवाह सोडून पाण्यात आयन मिसळणारी यंत्रं मिळतात. ती काम करतात, पण हळू. माणूस पाण्यात उतरला की त्याच्याबरोबर जंतूही उतरतात, आणि ते शेजारच्या पोराच्या तोंडात जाण्याआधी मारायचे असतील तर थोडा का होईना क्लोरीन लागतोच. शिवाय चांदी आणि क्लोरीन एकत्र आले की सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. ते उन्हात काळवंडतं आणि टाइल्सवर डाग धरतं. तांब्याचं प्रमाण वाढलं तर पांढऱ्या केसांना हिरवट झाक येते, आणि दोष मात्र क्लोरीनला दिला जातो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लीटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडून काही जास्त शुद्ध होत नाही.

पायात पैंजण घालून मुलींनी टँकात उतरू नये, हेही त्यातच आलं. क्लोरीनच्या पाण्याने चांदी काळी पडते. आणि साखळी पाण्यातल्या जाळीत अडकली तर पाय सोडवायला वेळ मिळत नाही.

एक इशारा मात्र इथल्या घरांना वेगळा द्यावा लागतो. ज्या घरात कारखाना आहे तिथे ॲसिडचे कॅन असतात. टँकाचं औषध, मग ती ब्लीचिंग पावडर असो की क्लोरीनच्या गोळ्या, त्या खोलीत कधीही ठेवू नये. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड सांडलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. दोन वेगळ्या प्रकारची क्लोरीनची औषधं एकाच मापाने काढणंही धोक्याचं, त्यांचा भडका उडतो.

"मिठाच्या टँकात क्लोरीन नसतो"

असतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन जागच्या जागी तयार करतात, एवढाच फरक. पाणी समुद्रासारखं खारटही नसतं. लीटरला साधारण साडेतीन ग्रॅम मीठ, समुद्राच्या दहाव्या हिश्शाएवढं. डोळ्यांना ते सौम्य वाटतं आणि गोळ्यांची कटकट वाचते. तरीही आपल्या भागात मी हा टँक सुचवणार नाही. वर धरलेल्या मापाच्या टँकात जवळजवळ सव्वाशे किलो मीठ पडतं. फिल्टर उलटा धुताना दर खेपेला पाचशे ते हजार लीटर पाणी बाहेर पडतं, आणि ते परड्यामागच्या उसात किंवा चरीत जातं. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत बेसुमार पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे क्षारपड झालेली रानं लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. पांढरी पडलेली जमीन परत आणायला चर खणावे लागतात आणि वर्षं जातात. तिथे आपणहून मीठ सोडू नये.

"फायबरचा तयार टँक, दोन दिवसांत बसतो"

बसतो, पण कशावर? आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर नुसता मुरूम टाकून टँक ठेवला तर कडा खचतात आणि पाइपांचे जोड उघडतात. माती काढून मुरूम थराथराने धुमसून भरावा लागतो आणि निचऱ्याची सोय करावी लागते. हा खर्च कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खालून येणारं पाणी. पावसाळ्यात, आणि पाण्याखालच्या रानाशेजारी तर बाराही महिने, जमिनीतलं पाणी वर येतं. समजा ते टँकाच्या तळापेक्षा तीन फूट वर आलं. 300 चौरस फुटांच्या तळाला ते पंचवीस टनांच्या जोराने वर ढकलतं. टँक भरलेला असेल तर आतलं पाणी त्याला दाबून धरतं. पण "पावसाळ्यात रिकामा करून धुऊन घेऊ" म्हणून कोणी ऐन ऑगस्टमध्ये पाणी उपसलं, तर फायबरचा टँक होडीसारखा वर उचलला जातो आणि काँक्रीटचा असेल तर तळ तडकतो. टँक पावसाळ्यात रिकामा करायचा नसतो, हे बांधणाऱ्याने सांगितलं नसेल तर त्याला विचारा की तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह ठेवला आहे का.

"आमच्या पोरांना पोहायला येतंय"

इथे थांबून बोललं पाहिजे, कारण बाकीच्या चुकांची किंमत पैशात मोजता येते.

कोल्हापूर भागातली दोन-तीन पिढ्यांची माणसं विहिरीत, रंकाळ्यात आणि पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकली. पाठीला भोपळा, पांगिऱ्याचा बिंडा किंवा पत्र्याचा डबा बांधला, काकाने ढकलून दिलं, आणि पोर तरंगू लागलं. विहिरीच्या धावेवरून मुटका मारणं ही तिथली मर्दुमकी. तीच सवय घेऊन मुलगा चार फुटी टँकाच्या काठावरून डोक्याकडून सूर मारतो. विहिरीत खाली तीस फूट पाणी असतं, इथे तळ लगेच लागतो. मानेचा मणका मोडला तर आयुष्य खाटेवर जातं. घरगुती टँकात डोक्याकडून उडी नाही, हा नियम घरच्यांना आणि पाहुण्यांना सारखाच असला पाहिजे.

बुडणारा माणूस ओरडतो आणि हात हलवतो, हा समज सिनेमांनी दिला. बुडणाऱ्या मुलाचं तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होत राहतं. त्याला श्वासालाच फुरसत नसते, तर ओरडणार कसं? हात वर येत नाहीत, ते पाणी खाली दाबत असतात. काठावर चार माणसं गप्पा मारत बसलेली असतात आणि मिनिटभरात सगळं संपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांत पाच वर्षांखालच्या मुलांचा वाटा सर्वांत मोठा होता.

म्हणून टँकाला चारी बाजूंनी कुंपण हवं. घराची भिंत ही चौथी बाजू धरायची नाही, कारण लहान मूल घरातूनच बाहेर पडतं. चार फुटांहून उंच, पाय ठेवायला आडवी पट्टी नसलेलं, आणि आपोआप बंद होणाऱ्या दाराचं. लग्नाकार्याच्या दिवशी, घरात पन्नास माणसं असताना, जो तो समजतो की दुसरा कोणी बघतोय. त्या दिवशी एका माणसाचं नाव घेऊन त्याला काठावर बसवायचं आणि त्याचा मोबाइल काढून घ्यायचा. फुगवलेले हातातले पट्टे हे खेळणं आहे, त्यावर जीव सोपवू नये.

"घरी टँक असला की पोरगं चांगलं पोहेल"

पंचवीस फुटांत चार हात मारले की भिंत येते. स्पर्धा 25 किंवा 50 मीटरच्या टँकात होतात. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याने ब्राँझ आणलं. 1986 नंतर भारताला जलतरणात मिळालेलं ते पहिलं आशियाई पदक. असं पोहणं मोठ्या टँकात, शिक्षकाच्या नजरेखाली घडतं. घरचा टँक गारव्याला, खेळायला, आजोबांच्या गुडघ्याच्या व्यायामाला उत्तम. मुलांना पोहायला शिकवणं हाच हेतू असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना रोज कोल्हापूरच्या टँकवर नेणं कितीतरी स्वस्त पडेल. आणि गावातल्या चार-सहा सधन घरांनी परड्यापरड्यांत खड्डे काढण्याऐवजी शिक्षक आणि जीवरक्षकासह एक सामाईक टँक नगरपरिषदेकडे लावून धरला, तर ज्यांच्या दारात परडंच नाही त्या कारागिरांची पोरंही पोहायला शिकतील.

इतकं सगळं पाहूनही टँक हवाच असेल, तर नकाशा मंजुरीला देताना त्यातच दाखवा. मागाहून काढलेल्या खड्ड्यासाठी परवानगीची धावपळ नको. आणि कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स देण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. टँक जिथे यायचा तिथेच सहा फूट खोल एक चाचणीचा खड्डा घ्या, भोवती पक्कं कुंपण घाला आणि वर फळी टाका. पावसाचं पाणी आत पडणार नाही असं झाका, आणि श्रावणात जाऊन पाहा की खालून पाणी किती वर आलं आहे. तीन फुटांवर आलं असेल तर टँक जमिनीवर, ओट्यासारखा उंच बांधायचा की बेत सोडायचा, एवढाच प्रश्न उरतो.