टिबो: औषध न झालेला रेणू

१९९० च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये बेल्जियमच्या संशोधकांचा एक लेख आला. त्यातल्या संयुगाचं रासायनिक नाव एका दमात वाचता येणार नाही इतकं लांब, म्हणून त्याला सगळे ‘टिबो’ म्हणू लागले. टिबो औषधाच्या दुकानात कधीच पोहोचला नाही. तरीही एचआयव्हीवरच्या औषधांचा माग काढत मागे गेलं, की सुरुवातीच्याच एका वळणावर तो भेटतो.

त्याचं घराणं बेंझोडायझेपिनचं. बेंझीनच्या षटकोनाला जोडलेलं सात अणूंचं कडं आणि त्यात दोन नायट्रोजन, असा हा सांगाडा. लिओ स्टर्नबाख यांनी रोश कंपनीत याच सांगाड्यातून लिब्रियम आणि व्हॅलियम घडवली. साठच्या दशकात ती घबराट आणि निद्रानाशावर घरोघरी गेली. टिबोत या सांगाड्याला आणखी एक कडं जोडलेलं होतं, आणि त्याचं काम पार वेगळं निघालं.

तेव्हा एचआयव्हीवर मुख्य भिस्त होती ती १९८७ मध्ये मान्यता मिळालेल्या एझेडटीवर. हे औषध डीएनएच्या मण्याचं सोंग घेतं आणि विषाणूची साखळी तोडतं. पण त्याचा फटका रुग्णाच्या अस्थिमज्जेलाही बसतो. बेल्जियममधली पॉल यान्सेन यांची औषध कंपनी आणि लूव्हेनची रेगा संस्था यांनी कंपनीच्या संग्रहातली सुमारे ६०० संयुगं चाळली, त्यातून टिबोचा धागा हाती लागला. पेशींना इजा व्हायला जेवढी मात्रा लागते, तिचा दहा हजारावा भागसुद्धा विषाणू रोखायला पुरत होता. मात्र तो फक्त एचआयव्ही-१ ला रोखायचा. एचआयव्ही-२ त्याला दादही देत नव्हता.

हे कोडं सुटलं ते स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांतून. विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकरात, डीएनए विणणाऱ्या जागेच्या शेजारी, एक खिसा आहे. एरवी तो मिटलेला असतो. टिबो पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आत शिरतो, १८१ आणि १८८ क्रमांकांची टायरोसिन ही अमिनो आम्लं बाजूला सरतात आणि विणकाम अडतं. एचआयव्ही-२ मध्ये त्या दोन्ही जागी टायरोसिन नाहीतच.

पण विषाणूही खिशाची शिवण बदलतो. एक अमिनो आम्ल बदललं, की ताठर टिबोची पकड सुटायची. शिवाय तो बनवायला किचकट आणि तोंडावाटे घेतला तर अंगी कमी लागणारा. त्याच खिशात बसणारं, सात अणूंचं कडं असलेलंच नेव्हिरापिन मात्र १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ते दुसऱ्या दोन औषधांबरोबर एकाच गोळीत घालून दिवसाला डॉलरहून कमी खर्चात देऊ केलं. २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णांच्या हाती हेच नेव्हिरापिन पडलं.

यान्सेन यांच्या चमूने पुढे ते कडंच सोडून दिलं. खिसा बदलला तर आपणही वळून-मुरडून बसू शकतील असे लवचीक रेणू त्यांनी घडवले. २०११ मध्ये मान्यता मिळालेलं रिल्पिव्हिरिन त्यांतलंच. आज ते दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनातूनही दिलं जातं. त्यात टिबोचा सांगाडा शोधून सापडणार नाही. ते बसतं मात्र टिबोच्याच खिशात.