आत्याचे चुंबकाचे कडे

मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी नाही हे आधीच सांगून टाकते. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र हा माझा विषय. चुंबकाशी माझी ओळख शाळेतल्या नालाकृती चुंबकापुरती आणि लोखंडाच्या किसापुरती. पण गेल्या वर्षी माझ्या आत्याने चुंबकाचे कडे घेतले आणि त्यापायी मला बरेच काही वाचावे लागले. ते वाचलेले आणि घरी घडलेले, दोन्ही येथे सांगते.

आत्या इतवारीत राहते. वय बासष्ट, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी सात वर्षांपासून चालू. पोळ्याच्या आठ दिवस आधी शहरातल्या कुठल्याशा प्रदर्शनातून तिने दोन हजार आठशे रुपयांचे कडे आणले. चकचकीत, आतल्या बाजूला छोट्या छोट्या काळ्या चकत्या बसवलेल्या. सोबत एक छापील पत्रक. त्यात सांधेदुखी, रक्तदाब, मधुमेह, निद्रानाश, थकवा असे सगळे एका ओळीत उभे. कारणही दिलेले होते : चुंबक रक्तातील लोह खेचून घेते, त्यामुळे रक्त जोमाने फिरते आणि दुखणे जाते.

मी काही बोलायला गेले तर आत्या म्हणाली, "मले बरं वाटते न! मंग तुले काय करा लागते?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून आम्ही मारबत पाहिली. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. रोगराई आणि इडापिडा घेऊन जा, असे ओरडत लोक त्यांना गावाबाहेर नेतात. त्या गर्दीत माझ्या मनात आले की मारबत गेली म्हणून कोणी औषध बंद करीत नाही. तो उत्सव आहे, हे लहान पोरालाही कळते. कड्याचे तसे नाही, कारण कडे विज्ञानाच्या भाषेत बोलते.

तर त्या विज्ञानाकडेच पाहू. रक्तात लोह असते हे खरे. साऱ्या शरीरात मिळून तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. पण ते खिळ्यासारखे सुटे लोखंड नसते, हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेक अणू अडकवलेला असतो. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखवून दिले की प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जात नाही, उलट अगदी किंचित दूर ढकलले जाते. प्राणवायू सोडलेले तेवढे थोडेसे ओढले जाते. दोन्ही परिणाम इतके क्षीण की ते मोजायला नाजूक उपकरणे लागतात. रुग्णालयातले एम.आर.आय. यंत्र बहुधा दीड टेस्लाचे असते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून ते अधिक. माणूस त्यात अर्धा तास पडून राहतो आणि त्याचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही. रक्त खेचण्याची करामत जर कड्यातल्या चकतीला साधत असती, तर त्या यंत्रातून कोणी जिवंत बाहेर आले नसते!

पत्रकात दुसराही एक मुद्दा होता. पृथ्वीचे चुंबकत्व कमी होत चालले आहे, म्हणून माणसाला चुंबकाची कमतरता भासते. ही कल्पना जपानमधील डॉ. क्योइची नाकागावा यांनी १९७६ साली मांडली होती आणि तेव्हापासून चुंबकाचे पट्टे, गाद्या, कडी विकणाऱ्यांनी ती सोडलेली नाही. यातला पहिला भाग खोटा नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत पृथ्वीचे चुंबकत्व सुमारे एक दशांशाने घटले आहे. पण हे आपल्याला कळले कसे, तर कोणीतरी चिकाटीने मोजत बसले म्हणून. आपल्याच राज्यात याची एक सुंदर हकिकत आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चुंबकत्वाची मोजणी चालत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. तारांतून वाहणाऱ्या विजेने नाजूक उपकरणे बिघडतील, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवले गेले. नानाभाई मूस तेव्हा तेथे प्रमुख होते. अलिबागची वेधशाळा आजही मोजते आहे. चुंबकत्व किती सूक्ष्मपणे मोजावे लागते याची ज्यांना जाण होती, त्यांनी एका ट्रामगाडीपायी अख्खी वेधशाळा उचलली.

आता कमतरतेचे पाहा. नागपुरात हे चुंबकत्व साधारण पंचेचाळीस मायक्रोटेस्ला आहे. ध्रुवांकडे ते साठाच्या वर जाते, आणि दक्षिण ब्राझीलच्या भागात पंचविसाच्याही खाली उतरते. कमतरतेने गुडघे दुखत असते तर तिकडची माणसे जन्मापासून लंगडत असायला हवी होती आणि आपले दुखणे विमानात बसून उत्तरेकडे गेले की कमी व्हायला हवे होते.

मीही एक लहानसा प्रयोग करून पाहिला. आत्याच्या कड्यातल्या चकतीला टाचणी घट्ट चिकटत होती. मध्ये वहीचा पुठ्ठा धरला, तरी चिकटली. तीन-चार पुठ्ठे झाले आणि टाचणी खाली पडली. चुंबकाचा जोर अंतरागणिक झपाट्याने घटतो. मनगटावरच्या चकतीपासून गुडघा किती लांब आहे, हे प्रत्येकाने स्वतःच मोजावे.

चुंबकाने बरे करण्याचा उद्योग नवा नाही. फ्रान्झ अँटन मेस्मर या वैद्याने १७७४ साली व्हिएन्नात लोहचुंबक लावून उपचार सुरू केले. पुढे त्याला वाटू लागले की लोखंडाचीही गरज नाही, वैद्याच्या अंगातच ती शक्ती आहे. पॅरिसमध्ये त्याच्याकडे लोकांची रीघ लागली, तेव्हा सोळाव्या लुईने १७८४ साली चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. त्यांनी काय केले? फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड 'भारून' ठेवले, आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून वेगवेगळ्या झाडांपाशी नेले. चौथ्या झाडाशी पोरगा बेशुद्ध पडला. पण भारलेले झाड ते नव्हतेच. सगळे वाचून झाल्यावर माझ्या मनात ठसला तो हाच प्रसंग. मुलगा सोंग करीत नव्हता. तो खरेच पडला होता. समितीने त्याला खोटारडा ठरवले नाही, फक्त त्याला पाडणारी गोष्ट झाडात नाही एवढे सिद्ध केले. आत्यालाही बरे वाटत होते ते खोटे नव्हतेच.

कड्यावर अलीकडेही प्रयोग झाले आहेत, आणि ते सगळेच एका बाजूचे नाहीत हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. इंग्लंडमध्ये गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवाताच्या १९४ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात खरे कडे घालणाऱ्यांचे दुखणे खोटे कडे घालणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाले. विक्रेते हाच प्रयोग पुढे करतात. पण हा परिणाम चुंबकाचा की विश्वासाचा, हे नक्की सांगता येत नाही, असे ते संशोधक स्वतःच म्हणाले होते. २०१३ साली यॉर्क विद्यापीठाच्या स्टुअर्ट रिचमंड यांनी आमवाताच्या सत्तर रुग्णांना आळीपाळीने चार वस्तू घालायला दिल्या : जोरदार चुंबकाचा पट्टा, कमजोर चुंबकाचा, चुंबकत्व काढून टाकलेला, आणि तांब्याचे कडे. प्रत्येक वस्तू पाच आठवडे. दुखणे, सूज, औषधाची गरज यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

विश्वासाची अडचण केवढी असते, ते मला घरीच कळले. मी बर्डीच्या फुटपाथवरून हुबेहूब दिसणारे एक साधे कडे घेतले आणि आत्याला म्हटले, आठवडाभर हे, आठवडाभर ते, कोणते खरे ते मी सांगणार नाही. रोज रात्री दुखणे दहापैकी किती ते कॅलेंडरवर लिही. आत्या तयार झाली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "हे खोटं व्हय पोरी. साडीची पिन चिकटत नाही याले." झाले! माझे संशोधन तेथेच संपले. विद्यापीठातल्या प्रयोगांतही रुग्णांना हीच युक्ती सुचत असणार.

मग बरे का वाटते? माझ्या विषयाच्या पुस्तकांत याचे बरेचसे उत्तर आहे. संधिवाताचे दुखणे चढउताराचे असते. माणूस कडे विकत घेतो तो दुखणे अगदी टोकाला पोचल्यावर, आणि टोकावरून उतार कड्याशिवायही येतोच. त्यात पैसे मोजलेले असतात, आणि दोन हजार आठशे रुपये फुकट गेले असे मनाला सहसा कबूल करवत नाही. शिवाय विकणाऱ्याने तिला 'आई' म्हणत पंधरा मिनिटे तिचे दुखणे ऐकून घेतले होते. आमच्या घरात तेवढा वेळ कोणी दिला होता, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. उत्तर लिहीत नाही.

असो. येथवर हे सारे गमतीचे राहिले असते. पण दिवाळीच्या आधी आत्याला स्वयंपाकघरात भोवळ आली. दवाखान्यात रक्तदाब निघाला १९० वर ११०. डॉक्टरांनी गोळ्यांचे विचारले तेव्हा ती गप्प. कपाटात गोळ्यांची दोन महिन्यांची पाकिटे तशीच होती. पत्रकात रक्तदाब लिहिला होता ना, मग दोन-दोन इलाज कशाला, असा तिचा सरळ हिशेब. तिच्या त्या "तुले काय करा लागते"चे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

नंतर शोधले तेव्हा कळले की कायदा आहे, आणि तो जुना आहे. १९५४ चा औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या ठराविक रोगांवर उपायाची जाहिरात करायला तो मनाई करतो. आणि शरीराच्या कार्यावर परिणाम घडवण्यासाठी दिलेली अन्नाखेरीज कोणतीही वस्तू त्याच्या व्याख्येत 'औषध' ठरते. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. आपल्या नागपुरात तर अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम १९८२ पासून चालू आहे. पण कड्यात भूत नाही, मंत्र नाही, बाबाही नाही. तेथे टाय लावलेला तरुण आणि छापील आकृत्या असतात. त्यामुळे त्याच्याविरुद्ध ओरड करावी असे कोणाला सुचतच नाही.

आत्याने कडे काढलेले नाही. मीही आता आग्रह धरीत नाही. आमच्यात तह झाला आहे : कडे हातात राहील, पण रोज सकाळी चहाबरोबर गोळी घ्यायची आणि घेतली की मला फोन करायचा. कॅलेंडरवर दुखण्याचे आकडे ती अजून लिहिते. गेल्या महिन्यात सर्वांत कमी आकडा होता तो मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते तेव्हाचा.