काढा ‘नैसर्गिक’ असला तरी मात्रा बघा

गरोदरपणात वनस्पतींचा चहा चालतो का, हा प्रश्नच मोघम आहे. कोणती वनस्पती आणि किती, हे विचारायला हवं. आल्याचंच घ्या. दिवसाला साधारण 1 ग्रॅम सुंठ देऊन झालेल्या चाचण्यांत मळमळ कमी झालेली दिसली. उलट्यांवरचा परिणाम मात्र तितका स्पष्ट नाही. ज्येष्ठमधाचं नेमकं उलटं. त्यातलं ग्लिसरायझिन रक्तदाब वाढवतं, पोटॅशियम घटवतं. शिवाय आईच्या कॉर्टिसॉलपासून बाळाला जपणारं वारेतलं एन्झाइम दडपतं. फिनलंडमध्ये म्हणूनच गरोदर बायकांना ज्येष्ठमध टाळायला सांगतात. आपल्याकडे तयार काढ्याच्या पुड्यांत ते अनेकदा असतं.

‘आजीही हेच प्यायली की!’ हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. पण चहात गवती चहाची दोन पाती टाकणं वेगळं आणि अर्क, कॅप्सूल किंवा आटवलेला दाट काढा रोज घेणं वेगळं. त्यातून बहुतेक वनस्पतींच्या गरोदर स्त्रियांवर नीट चाचण्याच झालेल्या नाहीत. ग्रीन टी तर ‘हर्बल’ नव्हेच, त्यात कॅफीन असतं. पुडीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊच नका. असतील तर पुडी डॉक्टरांना दाखवा.