सातपुड्याचा खडा, रोमची मुद्रा

सम्राट ऑगस्टसने आयुष्यात तीन मुद्रा वापरल्या. आधी स्फिंक्सची, मग अलेक्झांडरच्या चेहऱ्याची आणि शेवटी स्वतःच्या चेहऱ्याची. ही तिसरी डायोस्क्युरिडीस नावाच्या कारागिराने कोरली होती. रोमन चरित्रकार सुएटोनियसने हे सगळे नोंदवले, पण खडा कुठल्या मुलखातला ते लिहिले नाही. कोरीव रत्नांच्या ग्रंथांतही कारागीर, देवता आणि मालक यांच्यावर पानेच्या पाने खर्च होतात, दगडाच्या वाट्याला एखादी ओळ येते. मी मात्र दगडापासूनच सुरुवात करतो, कारण या खड्यांची एक वाट आपल्या तापीच्या खोऱ्यातून गेली आहे.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत सिलिका मिसळलेले पाणी झिरपत राहिले, थरावर थर बसला आणि अकीक तयार झाला. पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांचा तो सार्डोनिक्स, तांबूस तो कार्नेलियन. दुसऱ्या शतकातल्या भूगोलकार टॉलेमीने भारतात ‘सार्डोनिक्स’ नावाचा एक डोंगरच नोंदवला आहे आणि अभ्यासक तो सातपुड्याच्या पश्चिम टोकाशी, राजपिपळ्याच्या डोंगरांत दाखवतात. अक्कलकुवा, धडगावचा डोंगराळ भाग याच सातपुड्यात येतो.

राजपिपळ्याच्या त्या डोंगरांत, आजच्या भडोच जिल्ह्यात, रतनपूरच्या खाणी आहेत. भिल्ल खाणकामगार तिथे विहिरीसारखे खोल खड्डे खणून गोटे काढत आले आहेत. जमिनीतून निघतो तेव्हा गोटा बहुधा मळकट, पिवळसर असतो. तो कित्येक महिने उन्हात वाळवतात, मग मडक्यात भरून शेणाच्या मंद आगीत रात्रभर भाजतात. उष्णतेने दगडातल्या लोहाचे रूप पालटते आणि पिवळेपणा जाऊन लाली चढते. आच एकदम वाढली तर गोटा तडकतो. आच किती ठेवायची हे ज्याच्या हाताला कळते, तोही माझ्या लेखी डायोस्क्युरिडीसच्याच पंगतीतला.

रोममध्ये अंगठी ही सही होती. करार, मृत्युपत्र, पत्र यांवर मेण लावून तिचा ठसा उमटवत. रोमन लेखक प्लिनी तर म्हणतो की घरातले खाणेपिणेही अंगठीच्या ठशाने बंद करून ठेवावे लागते. मेण चिकटून न येता स्वच्छ उठणारा दगड म्हणून तो सार्डोनिक्सची वाखाणणी करतो आणि तो रोममध्ये प्रथम वापरल्याचा मान थोरल्या स्किपिओ आफ्रिकानसला देतो. अकीक पोलादालाही दाद देत नाही. म्हणून सामत्यासारखे हत्यार कमानीने फिरवत, तेल आणि कुरुंदाची पूड घालत, नखाएवढ्या खड्यावर उलटे चित्र झिजवून काढायचे. बारीक रेघांसाठी लोखंडात बसवलेली हिऱ्याची कणी लागे. हिऱ्याच्या अशा कण्या कोरणारे मुद्दाम मिळवतात, असेही प्लिनीने लिहिले आहे.

दागिन्यांसाठी याच्या उलट रीत होती. थरांच्या दगडात वरचा पांढरा थर चेहऱ्यापुरता ठेवायचा आणि भोवतीचा खरडून खालचा गडद थर उघडा करायचा. पॅरिसमधला ३१ सेंटीमीटर उंचीचा ‘ग्रँड कॅमिओ’ असाच पाच थरांच्या सार्डोनिक्समधून उतरला आहे.

पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापारावरचा ग्रीक ग्रंथ सांगतो, भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे आणि तिथून अकीकाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणात, वाट नसलेल्या मुलखातून, गाड्यांनी बंदरावर येतात. तापी ओलांडल्याशिवाय पैठणहून भडोच गाठता येत नाही, म्हणजे खानदेशाचा या व्यापाराशी संबंध येणारच. काही खडे कोरले जाऊन परतही आले असावेत. केरळमधल्या पट्टणमच्या उत्खननात स्फिंक्स कोरलेला छोटा अकीक मिळाला आहे.

शहादा तालुक्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. भाविकांना ते दक्षिण काशी म्हणून ठाऊक आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडात १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगापासून सातवाहनकाळापर्यंत आणि त्यापुढेही इथे वस्ती होती. तिथल्या माणसांनी सिलिकेच्या याच जातीच्या दगडाची पाती काढली आणि अकीक-कार्नेलियनचे मणी गळ्यात घातले. भारतातली साधी माणसे सार्डोनिक्स भोक पाडून गळ्यात घालतात आणि भोक असणे हीच आता भारतीय दगडाची खूण ठरली आहे, असे प्लिनीने लिहून ठेवले. त्याच्या लेखी ते सामान्य लोकांचे लेणे होते. पण दगड पारखणे, भाजणे, आरपार भोक पाडणे ही विद्या या खोऱ्यांत रोमच्या उदयापूर्वी हजार वर्षे तरी चालू होती आणि प्रकाशाचे मणी तिचाच पुरावा आहेत.