चिंधीचे मोल

मराठीच्या प्राध्यापकाने कापडाच्या कचऱ्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ज्याच्या वर्गात लालबाग-परळच्या गिरणीकामगारांची नातवंडे बसतात, त्याला 'चिंधी' हा शब्द नुसत्या कोशात शोधून कसे भागेल?

'चिंधीचोर' ही आपल्याकडे शिवी. आणि मौज अशी की, द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला बांधलेल्या चिंधीचीच पुढे अक्षय्य वस्त्रे झाली, असे आपली लोककथा सांगते! गिरणगावाला हा चमत्कार व्यवहारात ठाऊक होता.

कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. गिरणीत कापूस पिंजताना पानांचा चुरा आणि आखूड तंतू गळतात. बारीक सुतासाठी तो विंचरला, तर शंभर किलोंमागे साधारण १२ ते २० किलो आखूड तंतू बाजूला पडतात. हा कचरा वेचणाऱ्या बायका गिरण्यांत असत. त्याचे जाडेभरडे सूत निघते, त्या सुताच्या चादरी होतात. औषधांच्या दुकानातला शुभ्र कापूसही पुष्कळदा त्याचाच.

शिंप्याकडची कात्रणे आणि जुने कपडे यांचे काम अधिक बिकट. काटेरी रुळांवर फाडून त्यांचे पुन्हा तंतू करतात. पण त्या ओढाताणीत तंतू तुटतात. म्हणून त्यांत नवा कापूस मिसळावा लागतो. ढिगात टेरिकॉट आले, की रंग सारखा बसत नाही. तेलकट, ओल्या चिंध्या तर साराच ढीग नासवतात. म्हणजे यंत्राइतकीच महत्त्वाची आहे ती निवडण्याची विद्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि नुसत्या स्पर्शाने कापूस ओळखणारे हात बेकार झाले. माटुंग्याला १९२४ साली स्थापन झालेली कापूस-संशोधनाची संस्था आजही आहे. पण आपल्या कपाटातली निवड कोणती संस्था करणार?

तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत, गृहिणींनो आणि गृहस्थहो, एवढे करा. धडके कपडे बोहारणीला द्या. हवी तेवढी घासाघीस करा. फाटके सुती कपडे मात्र धुऊन, वाळवून, बटणे काढून वेगळे बांधा आणि चिंध्या घेणाऱ्याला द्या. गोधडी शिवणारी आजी तरी दुसरे काय करीत होती? आधी निवडायची, मगच सुईत दोरा ओवायची.